दोराची नाडी

टँकर रुतला तो ड्रायव्हरच्या हुशारीमुळे. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला तो रस्त्याच्या कडेला उतरला, आणि त्या कडेखालचा पाण्याचा पाइप आदल्याच दिवशी फुटलेला. तिथेच थांबला असता तर थोडक्यात निभावलं असतं. पण गड्यानं पुढे घे, मागे घे, रेस दे असा सपाटा लावला आणि चाकांनी आपला खड्डा आपणच खणला. अडकलेली वाहनं ओढून काढणारी टोचनची गाडी पोचली तेव्हा टँकरची मागची चाकं निम्मी चिखलात गेली होती. ऊन तापत चाललं होतं, टँकरच्या पोटात दूध भरलेलं होतं, आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता.

टोचनच्या गाडीतून बाप आणि लेक उतरले. वडिलांना त्या रस्त्यावर सगळे वस्ताद म्हणत. लेकीला घरात धाकटी म्हणायचे, तेच नाव बाहेरही पडलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्टिअरिंगवर तिचा थोरला भाऊ बसायचा. त्याचा डावा डोळा गेला, त्यासोबत लायसन्स गेलं. वस्तादांच्या गुडघ्यांना क्लच एव्हाना झेपेनासा झाला होता. उरली धाकटी. नातेवाइकांनी नाकं मुरडली, मुरडून मुरडून दमले, आणि गाडी चालत राहिली.

वस्तादांची एक रीत होती आणि तिच्यावर त्यांचं नाव उभं होतं. तारेचा दोर ताणला गेला की ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि डावा तळवा दोरावर ठेवायचे. उजवा हात वर. दोरातली थरथर तळव्याला कळायची म्हणे. उजवा हात हलला की ओढायचं, मूठ मिटली की थांबायचं. लोक म्हणायचे, वस्ताद दोराची नाडी बघतात. बघायला गर्दी जमायची, आणि गर्दी जमली की वस्तादांची पाठ आणखी ताठ व्हायची.

ही नाडी त्यांनी थोरल्यालाही शिकवायला घेतली होती. त्या दिवशी स्टिअरिंगवर ते स्वतः होते आणि दोरापाशी थोरला. हात लाव, घाबरतोस काय, असं त्यांनी खिडकीतून सांगितलं. त्यानं हात लावला. हूक बंपरला अडकवलेला होता. बंपर उपटून आला, हूक सुटला आणि दोरासोबत उलटा फिरून थोरल्याच्या डोळ्यावर बसला. तेव्हापासून घरात एकच वाक्य होतं, हूक निसटला. आई म्हणायची हूक निसटला, काका म्हणायचे हूक निसटला. जणू हुकालाच काही दुर्बुद्धी सुचली होती. आणि वस्ताद पुढच्याच कामाला पुन्हा दोरापाशी जाऊन उभे राहिले, ते आजतागायत.

धाकटीनं दोन वर्षं ते आरशातून पाहिलं होतं.  दर वेळी काही व्हायचं नाही, आणि जेवताना वस्ताद म्हणायचे, बघ, काही झालं का? आज घरून निघतानाच तिनं मनाशी पक्कं केलं होतं की पुरे झालं.

सुरुवातीचं काम दोघांनी नेहमीसारखं निमूटपणे केलं. टँकर पुढून ओढायचा नाही, ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं मागे काढायचा, हे ठरवायला त्यांना बोलावंही लागलं नाही. चाकांमागचा चिखल फावड्यानं उपसला, मागे उतार करून घेतला, फळ्या सारल्या, टायरमधली थोडी हवा सोडली. ड्रायव्हरनं मदत म्हणून बंपरकडे बोट दाखवलं. धाकटीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते बोट खिशात घातलं. मग ती टँकरखाली आडवी झाली, चासीच्या कडीला तिनं हूक अडकवला, खिटी लावली आणि चिखलानं माखून बाहेर आली. तिची गाडी पक्क्या रस्त्यावर होती, टँकरच्या अगदी सरळ रेषेत. शेवटी तिनं केबिनमधून एक जुनी जाड रजई काढली, फुटक्या पाइपच्या पाण्यात भिजवली आणि दोराच्या मधोमध टाकली.

एव्हाना जमलेल्या गर्दीतून कोणीतरी विचारलं, दोराला थंडी वाजते का? लोक हसले. दोर तुटला तर या वजनानं तिथल्या तिथे खाली बसेल, उडणार नाही, एवढं सांगून तिनं गर्दीला रस्त्यापलीकडे हाकललं. कुरकुरत का होईना, माणसं गेली.

वस्ताद गेले नाहीत. ते रजईशेजारी आले, पॅन्टला हात पुसले आणि दोर ताणला जायची वाट बघत डावा तळवा पुढे धरला.

धाकटी केबिनमध्ये चढली होती. तिनं आरशात पाहिलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरून पायरीवर बसली.

काय झालं, असं वस्तादांनी विचारलं. तुम्ही लांब जा, मग ओढते, ती म्हणाली. वस्तादांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांचा आवाज चढला. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी दोर धरतोय, चार गाड्या ओढल्यास तर शिंगं फुटली का, लोकांसमोर तमाशा करू नकोस. सगळं एका दमात. धाकटी बुटांचा चिखल काडीनं खरवडत बसली. 

ड्रायव्हर मध्ये पडला. दूध नासेल हो ताई, तो काकुळतीला आला. हवं तर मी तुमची गाडी चालवतो, वस्तादांना उभं राहू द्या. धाकटीनं खिसा हातानं दाबून धरला. दूध नासलं तर दुसरं मिळेल, असं तिनं सांगितलं, आणि ड्रायव्हर परत टँकरपाशी गेला. पलीकडून एकानं सल्ला दिला, बाईमाणसाला डोक्यावर बसवलं की असंच होतं. तिनं तिकडे मानही वळवली नाही.

वस्ताद तिच्यासमोर येऊन उभे राहिले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते.

"तू कोण मला सांगणारी?"

"गाडी चालवणारी."

"दोराला हात लावल्याशिवाय मला कळणार कसं?"

"नाही कळणार. मला कळेल तेवढ्यावर भागवू."

"आणि मी नाही हललो तर?"

धाकटी उठली. तिला हे चार भिंतींच्या आत म्हणायचं होतं, पण चार भिंतींच्या आत कधी वेळच आली नाही. तिनं आवाज मुद्दाम खाली ठेवला.

"दादाला तिथं तुम्ही उभं केलंत, बाबा. तुम्हाला तिथं मी उभं करणार नाही. मग दूध नासो, नाहीतर आपला धंदा बसो."

हे वाक्य घरात दोन वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं.  त्याच क्षणी धाकटीला लख्ख कळलं की हा माणूस दोरापाशी उभा राहतो तो दोरासाठी नाही. लांब जाऊन उभा राहिला असता, तर लांब उभं राहता येतं हे कबूल झालं असतं. आणि मग त्या दिवशी थोरल्याला जवळ का ठेवलं, हा प्रश्न दारात येऊन बसला असता. तिला वडिलांची दया आली. पण किल्ली तिनं खिशातच ठेवली.

वस्ताद वळले आणि चालू लागले. थोडं गेले, थांबले. धाकटी केबिनमध्ये चढून बसली आणि तिनं हॉर्न दिला. ते आणखी थोडं सरकले. पुन्हा हॉर्न. गर्दीत हशा पिकला. भाजीचा भाव करावा तशी बापलेकीची ही घासाघीस चालली, शेवटी वस्ताद तणतणत रस्ता ओलांडून पार पलीकडे गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हा कुठे तिनं किल्ली फिरवली.

पहिला गिअर, क्लच हळूहळू. ढिला दोर जमिनीवरून उचलला गेला, ताठ झाला, रजई त्यावर लोंबू लागली. मागे ड्रायव्हर टँकर रिव्हर्समध्ये टाकून बसला होता. त्याला रेस द्यायची नाही, स्टिअरिंग सरळ धरून बसायचं, अशी ताकीद होती. गाडी गुरगुरली. टँकर तसूभरही हलला नाही.

पलीकडून ओरडा झाला, मागे घे आणि झटका दे. पण झटक्यानंच दोर तुटतात. धाकटीनं गाडी सैल केली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा फावडं घेऊन उतरली. लोकांनी उसासे सोडले. मजा बघायला आलेल्या माणसाला खणणारी बाई बघायला मिळाली की त्याचा फार हिरमोड होतो. तिनं चाकांमागे पुन्हा साचलेला आणि टँकरच्या पोटाखालचा चिखल मोकळा केला, घसरलेली एक फळी नीट बसवली, दोर पुन्हा पाहिला, रजई पुन्हा भिजवली. ड्रायव्हरही मुकाट्यानं उतरून तिच्याबरोबर खणू लागला. वस्ताद पाठ फिरवूनच उभे होते, पण मान मात्र अर्धी वळलेली होती.

दुसऱ्या वेळी क्लच सोडताना तिला बघायला वर उचललेला हात नव्हता, मिटलेली मूठ नव्हती. आरशात फक्त एक ओली रजई होती आणि दोराजवळ एकही माणूस नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं आरशावरून नजर काढली. सीटखालून ओढ जाणवत होती, ती वाढली, टिकली, आणि मग चिखलानं पचकन आवाज करत चाक सोडलं. टँकर फळीवर चढला, डुलला आणि रांगत रांगत रस्त्यावर आला.

दोर तुटला नाही. हूक सुटला नाही. कशालाही काहीही झालं नाही. लोक जरा नाराज होऊनच पांगले. ड्रायव्हरनं टायरमध्ये पुन्हा हवा भरून घेतली, हात जोडले आणि दूध घेऊन सुसाट सुटला.

वस्ताद आले, दोर गुंडाळू लागले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी तिथं असतो तरी काही झालं नसतं."

"नसतंही. पुढच्या वेळीही किल्ली माझ्याच खिशात असेल."

परतीच्या वाटेवर वस्ताद डावा तळवा मांडीवर घासत राहिले.

गॅरेजमध्ये थोरला वाट बघत होता. डोळा गेल्यापासून तो कामावर यायचा नाही. गाडी परतली की दोर उलगडून घ्यायचा, बोटांनी तपासत त्याला ग्रीस लावायचा, तुटलेली तार सापडली तर तेवढी दाखवायचा.  आजही त्यानं दोर मांडीवर ओढला आणि विचारलं, नाडी कशी होती?

धाकटीनं वडिलांकडे पाहिलं. हे उत्तर तिचं नव्हतं.

"बघितली नाही," वस्ताद म्हणाले. "रस्त्यापलीकडे उभा होतो. हिनं उभं केलं."

थोरल्याची बोटं थांबली.

"आणि टँकर निघाला?"

"निघाला."

"हात न लावता."

वस्ताद जुन्या टायरवर बसले. "त्या दिवशी हूक..." त्यांनी सुरुवात केली. ते वाक्य इतकं घासलेलं होतं की पुढचा शब्द आपोआप यायला हवा होता.

"हूक निसटला होता, ते मला माहीत आहे," थोरला म्हणाला. त्यानं आपला एक डोळा वडिलांवर रोखला. "मला तिथं कोणी उभं केलं होतं, बाबा?"

दाराशी आई येऊन उभी राहिली होती. नेहमी असं काही निघालं की ती चहा टाकायला आत जायची. आज ती गेली नाही.

"मी," वस्ताद म्हणाले.

थोरल्यानं मान डोलावली. त्यानं चिंधीवर पुन्हा ग्रीस घेतलं.

"उद्या मीपण येतो," तो धाकटीला म्हणाला. "माणसं लांब ठेवायला तुला कोणीतरी लागेल."