रेघमास्तरची शेवटची भिंत

रंगाऱ्यांच्या दुनियेत त्याला रेघमास्तर म्हणत. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे तो चिकटपट्टी न लावता, लाकडी घोडीशिडीवर, रंगाऱ्यांच्या भाषेत घोड्यावर, उभा राहून, एका श्वासात रेघ मारायचा. डोळा लावून बघा नाहीतर दोरी लावून, केसभर हलणार नाही. अडतीस वर्षं हेच. आणि गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग ब्रशात.

हे फक्त लेकीला ठाऊक होतं. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली. आता रेघा ती मारायची आणि हा घोड्याखाली उभा राहून "जरा वर, जरा वर" असं ओरडायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की उस्ताद शिकवतोय. उजवा हात कायम खिशात.

"बाबा, हा हॉल शेवटचा हं," तिने सांगून टाकलं होतं. "शेवटची भिंत झाली की ब्रश माझ्या हवाली. तुम्ही घोड्यावरून पडलात तर आईला काय सांगू मी?"

"शेवटची भिंत. कबूल. पण ती अशी मारीन की लोक म्हणतील, रेघमास्तरचा हात शेवटपर्यंत हलला नाही."

एवढीच त्याची मागणी होती आयुष्याकडे. हात गेला तर जाऊ दे, पण गेला हे कुणाला कळता कामा नये. हात गेलेल्या रंगाऱ्याला दुनिया काय भाव देते ते त्याने बघितलं होतं. वाळलेला ब्रश जिथे जातो तिथेच.

हॉल होता एका मंडळाचा. मंडळ कसलं, तर अँथ्रोपॉसॉफीचं. हा शब्द उच्चारताना कवळी पडेल, असं मास्तर म्हणायचा. शंभर वर्षांपूर्वी कुणी विचारवंत होऊन गेला, माणूस म्हणजे नुसतं हाडामासाचं पोतं नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते पुस्तकात न ठेवता ही मंडळी हातापायांनी करून बघत. रंगवत, गात, मेणाच्या आकृत्या करत. दर आठवड्याला जमत. त्यात एक बसचालक होता, दातांची डॉक्टर होती, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या, निवृत्त पोस्टमन होता. त्यांपैकी कुणीही कुणाला साहेब म्हणत नव्हतं, ही गोष्ट मास्तरने पहिल्याच दिवशी टिपली.

शेजारच्या खोलीत त्यांचा सराव चाले. युरिथमी म्हणत त्याला. तोंडातून निघणारा प्रत्येक ध्वनी सगळ्या अंगाने करून दाखवायचा. एक पुढे उभा राहून हात हलवणार, बाकीचे त्याची हालचाल जशीच्या तशी उचलणार. बोटाच्या टोकापर्यंत.

"हवेत कपडे वाळत घालतायत," मास्तर लेकीला म्हणाला.

"हळू बोला, ऐकू जाईल."

"जाऊ दे. वाळले का ते विचारतो."

हॉलच्या रंगाचं सगळं बघत होती ती मंडळातलीच एक म्हातारी चित्रकार. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. तिने पहिल्या दिवशी रंगाची बादली दाखवली तेव्हा मास्तरला वाटलं, ही चेष्टा करतेय. बादलीत पाणी होतं. निळसर पाणी.

"यात रंग कुठाय?"

"आहे तेवढा पुरे," बाई म्हणाली. "पांढऱ्या भिंतीवर हा पातळ थर. वाळला की दुसरा, गुलाबी. उजेड थरांतून आत जाईल, पांढऱ्याला लागून परत येईल. रंग भिंतीवर बसला नाही पाहिजे, मास्तर. तो भिंतीच्या पुढ्यात उभा राहिला पाहिजे."

"आणि छताची रेघ?"

"रेघ नाही. रंग तसाच वर जाऊ दे."

रेघ नाही! याला बोलावून म्हणे रेघ नाही! पण काम घेतलं होतं. बाई आणि लेक, दोघी हातभर रुंद ब्रश घेऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळसे मारत राहिल्या. मास्तर बादल्या ढवळत राहिला, डाव्या हाताने. तीन भिंती झाल्या. चौथी, पूर्वेची, खिडक्यांच्या बरोबर समोरची. तिच्यावर निळा थर बसला, आणि समोरच्या उजेडात सगळं उघडं पडलं. इकडे गडद, तिकडे फिकट, मध्येच ढगासारखा पुंजका. हीच शेवटची भिंत. दोन दिवसांनी मेळावा, शंभरेक माणूस येणार, आणि प्रत्येक जण म्हणणार, रंगाऱ्याचा हात गेलाय.

दुपारी बाई आणि लेक सामान आणायला गेल्या. पलीकडे सराव चालू होता. मास्तरने टेम्पोतून आपला डबा काढला. घट्ट, दणदणीत, झाकणारा रंग, त्याच निळ्याच्या जवळचा. रोलर घेतला, दोन्ही हातांनी आवळून धरला, कारण रोलर चुगली करत नाही. दोन तासांत भिंत एकसारखी. डाग नाही, पुंजका नाही. मग घोड्यावर चढला, श्वास रोखला आणि छताखालची रेघ मारली. ती वाकडी आली. पुसली. परत मारली. परत वाकडी. शेवटी चिकटपट्टी लावली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. पट्टी लावताना त्याने दाराकडे बघितलं, चोरासारखं.

बाई परत आली, दारातच थांबली. ओरडली नाही. भिंतीपाशी जाऊन तळवा टेकवला, दार लागलंय का बघावं तसा.

"बंद केलीत हो भिंत," ती म्हणाली.

"नीट केली!" मास्तर उसळला. "गोधडी झाली होती. अडतीस वर्षं रंग मारतोय मी, मला शिकवू नका. उद्या चार लोक म्हणतील, रंगाऱ्याचा हात गेला."

"कुणाचा हात गेला?"

लेकीने बापाकडे बघितलं. बापाने खिडकीकडे.

"कुणाचा नाही," तो म्हणाला.

बाईने त्याला खांद्याला धरून वळवलं. पश्चिमेची उन्हं आत यायला लागली होती. बाजूच्या भिंतीवर पडली, आणि ती भिंत आत खोल गेली. खरोखर गेली. गुलाबीच्या मागून निळं हलकेच वर येत होतं, श्वास घेतल्यासारखं. मग ऊन पूर्वेच्या भिंतीवर पडलं आणि तिथेच आपटून थांबलं. छान रंगवलेली, एकसारखी, ठार बहिरी भिंत.

हजारो भिंती मास्तरने अशाच बंद केल्या होत्या, आणि लोकांनी शाबासकी दिली होती. घट्ट रंग उजेड अडवतो आणि खोली अंधारी ठेवतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्या उन्हानेच सांगितलं.

"पांढरा मारतो परत," तो म्हणाला. "आत्ता."

बाप-लेकीने घासली, पांढरी केली. दुसऱ्या दिवशी निळा थर. गुलाबीला वेळ उरला नाही. बाई म्हणाली, "मग मेळाव्यातच मारू. सगळ्यांसमोर. सगळे मिळून."

"लोकांसमोर काम?" लेक पुटपुटली. "ओघळ आला तर?"

"आला तर आला."

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला. खुर्च्या बाकीच्या भिंतींना लावलेल्या. एका कोपऱ्यात दातांची डॉक्टर मांडीवर लायर घेऊन बसली. ते छोटं, हातात मावणारं तारांचं वाद्य. तारा इतक्या हळू वाजत होत्या की ऐकायला माणसांनी आपले श्वास आवरले. बारा जणांच्या हातात ब्रश, बाई त्यांच्यात, लेकही. बाकीचे मागे, सरावातल्यासारखे, रिकाम्या हातांनी. मास्तर दारापाशी, हात खिशात.

सुरुवात झाली. बारा ब्रश भिंतीवर वळसे घेऊ लागले. पण उन्हाने रंग भराभर वाळत होता. पातळ रंगाची कड एकदा वाळली की तिची खूण कायमची, आणि ती कड वाळत चाललेली मास्तरला वीस फुटांवरून दिसली. बाईला दिसली नाही, तिचं नाक भिंतीला लागलेलं. लेकीची पाठ होती. डोळे मिटून घ्यावेत असं त्याला वाटलं. जाऊ दे. आपलं काय जातंय.

"अहो बसवाले, थांबू नका!" तो ओरडला. "कड वाळतेय! डावीकडे या, डावीकडे!"

तारा थांबल्या. शंभर माना वळल्या.

"पुढे सांगा, मास्तर," बाई भिंतीकडूनच म्हणाली. "आम्हाला दिसत नाही."

मास्तर हॉलच्या मधोमध आला. तोंडाने सांगून भागेना. डावीकडे म्हणेपर्यंत कड पुढे जायची. दाखवावंच लागणार होतं, आणि वळसा त्याला येत होता तो एकाच हाताने. त्याने उजवा हात खिशातून काढला आणि वर केला.

हात थरथरत होता. खिडकीतल्या उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वाऱ्यातल्या पानासारखा.

लेकीच्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं.

त्याने वळसा घेतला. बारा ब्रशांनी घेतला. मागच्या रिकाम्या हातांनीही घेतला. आणि मग त्याला दिसलं की ते सगळे थरथरतायत. पोस्टमन, शिवणकाम करणाऱ्या बहिणी, सगळे. रागाने त्याच्या कानशिलांत आग पेटली. माझी नक्कल करता? माझ्या तोंडावर?

मग त्याने त्यांचे चेहरे बघितले. हसणारा एक नव्हता. पोस्टमनच्या कपाळावर घाम होता. बोटांच्या टोकांपर्यंत लक्ष लावून ती माणसं ती थरथर उचलत होती, जमत नव्हती तिथे परत करून बघत होती. समोरच्याची हालचाल जशीच्या तशी घ्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. या थरथरीला आजार म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं, वळसा असाच असतो.

मास्तरने हात खाली घेतला नाही. वर नेला, पसरला, कडेच्या पुढे पुढे नेत राहिला. तारा पुन्हा वाजू लागल्या. रिकाम्या हातांच्या रांगेतून सरावातला "आ" उठला, आधी ओठांतून, मग उघडलेल्या शंभर बाहूंतून, आणि पायांखालची फरशी गुणगुणली.

भिंतीवर गुलाबी थर बारीक बारीक थरथरत बसत गेला, वळशात वळसा, पाण्यावर झुळूक यावी तसा. ओघळ एकही नाही. ऊन तिरपं झालं, त्याच्यावर आलं, आणि आपटलं नाही. आत गेलं. सगळी पूर्व बाजू हळूहळू हलायला लागली, उजळायला लागली. आता तिथे भिंत नव्हती. आत खूप लांबपर्यंत उजेड होता आणि तो उजेड जिवंत होता. मास्तरने सवयीने छताखालची रेघ शोधली. सापडली नाही. भिंत कुठे संपली आणि वरचं कुठे सुरू झालं, हे अडतीस वर्षं रेघा मारणाऱ्या माणसाला सांगता येईना. त्याला हात जोडावेसे वाटले, पण हात कामात होता.

सगळं शांत झालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. माणसं नुसती बघत उभी होती. शिवणकाम करणाऱ्या बहिणींपैकी धाकटी जवळ आली आणि विचारलं, "मास्तर, तो बारीक हेलकावा बोटांतून निघतो की मनगटातून? मला जमला नाही."

"कोपरातून," मास्तर म्हणाला. "यायला वर्ष लागतं."

लेक शेजारी येऊन उभी राहिली. डोळे पुसले, ब्रश पुसला, मग बराच वेळ तो ब्रश हातात घोळवला.

"झाली शेवटची भिंत," ती म्हणाली.

"झाली." त्याने थरथरता हात पुढे केला. "आण तो ब्रश इकडे."

"बाबा, कबूल केलं होतंत!"

"भिंतीचं केलं होतं," मास्तर वर बघत म्हणाला. "छत राहिलंय."