दाईच्या हातचं पाणी

गवताच्या कापणीआधी बसलेला वेढा सफरचंदं पिकून गळायला लागली तरी उठला नव्हता. एल्डरमिअरच्या गढीत आता कुणी कुणावर ओरडतसुद्धा नसे. तटावरचे पहारेकरी खालच्या तळाकडे बघत बसत, तळातले लोक वर बघत बसत, आणि दोघांनाही बघण्यासारखं काही नवीन नसे.

राजा आणि त्याची मामेबहीण गादीसाठी भांडायला लागले, तेव्हा हवीझ नुकती लग्न होऊन या गढीत आली होती. तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, वॉरिनने, आधी राजाशी इमान राखायची शपथ घेतली, मग बहिणीशी, मग पुन्हा राजाशी आणि या वसंतात पुन्हा बहिणीशी. दर वेळी गुडघे टेकून, संतांच्या अस्थींवर हात ठेवून. दर वेळी घरी येऊन तो पोटभर जेवला आणि शांत झोपला. एकदा तिने म्हटलं होतं, "अहो, त्या अस्थींना आता तुमचा हात ओळखू येत असेल." तो हसला होता. हसायचा छान. माणूस वाईट नव्हता. एवढंच, की त्याचा शब्द आणि ओल्या मातीची भिंत यांत फारसा फरक नव्हता.

आता तो पश्चिमेला बहिणीच्या फौजेत होता, विहीर गढूळ झाली होती, पिंपातल्या खारवलेल्या हेरिंग माशांना वास यायला लागला होता, आणि हवीझच्या कुशीत एक मुलगा होता. अजून त्याला नाव नव्हतं.

वेढा घालणारा सरदार ड्रोगो याने अटी कळवल्या होत्या. दरवाजा उघडा, माणसं सामानासकट जिथे जायचं तिथे जाऊ देत. फक्त मुलगा राजाच्या छावणीत ओलीस राहील. बाप नीट वागला तर मुलगा नीट राहील.

अट ऐकून गढीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनी, म्हणजे हवीझ सोडून. गेल्या हंगामात शेजारच्या गढीतला सहा वर्षांचा ओलीस मुलगा वेशीसमोर फासावर गेला होता. त्याच्या बापाने शब्द मोडला होता. तो मुलगा इथे जेवायला आला होता, तेव्हा त्याने मधाची वाटी सांडली होती. एवढंच हवीझला त्याचं आठवत होतं आणि तेच सारखं आठवत होतं. वॉरिन चौथ्यांदा शब्द मोडणार हे तिला माहीत होतं, जसं हिवाळा येणार हे माहीत असतं.

म्हणून बाळंतपणाचा ताप उतरताच तिने पाद्री ऑसबर्टला बोलावलं.

"ड्रोगोला निरोप द्या," ती म्हणाली. "माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहा म्हणावं."

ऑसबर्ट म्हातारा होता आणि भुकेने अधिकच म्हातारा दिसत होता.

"शत्रूला?"

"तुम्हीच सांगता ना, की पाण्यातून मूल उचलणारा माणूस त्याचा बाप होतो? रक्ताच्या बापापेक्षा मोठा? त्याने मग त्या मुलाला फासावर दिलं तर स्वतःच्या पोराला मारल्याचं पाप."

"सांगतो खरं."

"आणि लोक ते मानतात."

"लोक," ऑसबर्ट म्हणाला, "तेवढं एक अजून मानतात. बाकीचं सगळं या आतेमामे भावंडांनी मोडीत काढलंय." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण बाई, तो हो म्हणेपर्यंत पोर बिनपाण्याचं ठेवायचं? मध्येच काही झालं तर? स्वर्गाच्या दारातून परत पाठवतील त्याला. तुमच्या राजकारणापायी."

त्या वाक्याने हवीझचा जीव दोन दिवस टांगणीला लागला. बाळ शिंकलं की ती उठून बसे. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरी. गढीतल्या बायका येता-जाता क्रूसाची खूण करत. एकटी गुनिल्ड दाई निवांत होती. लोकर पिंजत कोपऱ्यात बसायची आणि म्हणायची, "काही होत नाही त्याला. पडा जरा." तिचा हा निवांतपणा हवीझच्या ध्यानात आला होता, पण दाया अशाच असतात म्हणून तिने सोडून दिलं.

ड्रोगोचा होकार आला. बाप्तिस्मा होईपर्यंत तह, सोबत दोनच माणसं, आणि ते झालं की दरवाजा त्याच्या ताब्यात. वॉरिन आणि तो लहानपणी एकाच सरदाराच्या घरी वाढले होते, एकाच ताटात जेवले होते. निरोप नेणाऱ्या ऑसबर्टला त्याने चीज खायला घातलं होतं, आणि ऑसबर्ट ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

सकाळी गुनिल्डने बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मग ती तशीच उभी राहिली.

"बाईसाहेब, एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"मी पाणी घातलंय त्याला."

हवीझला आधी कळलंच नाही. "न्हाऊ घातलंस ना, मग?"

"तसं नव्हे. जन्मला तेव्हा निळा होता. रडेना. तुम्ही शुद्धीवर नव्हता, पाद्रीबाबा खाली झोपलेले. मी वाटीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं. दाईला तेवढी मुभा असते. मग रडला."

"आणि तू आज सांगतेस?"

"तुम्ही तापातून उठलात त्या ड्रोगोचंच नाव घेत. म्हटलं, तो काही यायचा नाही. कशाला बोला?"

हवीझ पलंगाच्या कडेवर बसली. एका मुलाला एकदाच बाप्तिस्मा. दुसऱ्यांदा देणं हे पाप, आणि दुसऱ्यांदा ज्याने उचललं तो कुणाचा कुणीच नव्हे. देवळाच्या दारात पाद्री दाईला आधी हाच प्रश्न विचारणार: या मुलाला घरी पाणी मिळालंय का? नेहमीचा प्रश्न, आणि सगळ्यांसमोर विचारायचा.

"नाही म्हण," हवीझ म्हणाली.

गुनिल्डने कापडाचं टोक नीट खोचलं.

"ऐकलंस का? विचारतील तेव्हा नाही म्हणायचं. एक शब्द. गुनिल्ड, तो त्याला घेऊन जाईल. माझ्या नवऱ्याला तू ओळखतेस."

"त्यांना सगळेच ओळखतात," गुनिल्ड म्हणाली आणि बाळाला उचलून जिना उतरली.

हवीझला मागे जाता येत नव्हतं. बाळंतिणीने शुद्धीचा विधी झाल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही, आणि त्याला अजून महिना होता. ती वरच्या खोलीच्या अरुंद खिडकीशी उभी राहिली. खाली चौकात चिखल होता, पलीकडे लाकडी देऊळ, आणि देवळाच्या दारात ती सगळी.

ड्रोगो तिला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. डोक्याला टक्कल, एक खांदा उतरलेला. घाबरण्यासारखं त्याच्यात काही दिसेना. ऑसबर्टने हात वर केला. त्याचे ओठ हलले. मग तो गुनिल्डकडे वळला.

हवीझला ऐकू काहीच येत नव्हतं. तिने फक्त गुनिल्डची पाठ पाहिली.

नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही.

ऑसबर्टचा हात हळूहळू खाली आला. त्याने ड्रोगोकडे पाहिलं. ड्रोगो काही बोलला. गुनिल्ड काही बोलली. मग ड्रोगोचे खांदे हलायला लागले. तो हसत होता की रागावला होता, ते वरून कळेना. त्याच्याबरोबरचा एक जण तरवारीच्या मुठीवर हात ठेवून उगाच आभाळाकडे बघत होता. मग ड्रोगोने दोन्ही हात पुढे केले आणि मूल गुनिल्डच्या हातून काढून घेतलं. सगळे आत गेले आणि दार लागलं.

हवीझ त्या दाराकडे बघत राहिली. ते मधल्या वेळेत कुणी उघडलं नाही एवढंच तिला ठाऊक. बाळाच्या दुधाची वेळ झाली, तिचा झगा ओला झाला, तरी तिथून हलावंसं वाटेना. आता वाटेल ते होवो, पण लवकर होवो, असंही एकदा वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली.

जिन्यावर पावलं वाजली. गुनिल्ड मुलाला घेऊन आली. बाळाच्या कपाळावर तेल चमकत होतं आणि ओठांना मीठ लागलं होतं. हवीझने आधी त्याला छातीशी घेतलं. मग म्हणाली, "सांगितलंस."

"सांगितलं."

"मी तुला इथे आणलं. तुझा नवरा गेल्यावर तुला घर दिलं."

"दिलंत. तुमच्यासाठी जीव दिला असता, बाईसाहेब. मागितला असतात तर." गुनिल्ड जमिनीवरच बसली. "माझा मुलगा असाच झाला होता. निळा. रात्र काढली नाही त्याने. पाद्रीबाबा तेव्हा दुसऱ्या गावी होते, मीच पाणी घातलं. त्या पाण्यावर तो देवळाच्या आवारात पुरलाय, आतल्या बाजूला. आज मी म्हटलं असतं की माझ्या हातचं पाणी पाणीच नव्हे, तर त्याचं काय? त्याला तिथून उठवतील का?"

हवीझला ओरडायचं होतं. शब्दही तयार होते. पण बाळ दूध ओढत होतं, पाठ मोडल्यासारखी झाली होती, आणि या बाईने काय वाचवलं ते तिला समजत होतं. समजल्याने बरं काही वाटलं नाही.

"मग ड्रोगोचे खांदे हलत होते ते? हसत होता?"

"त्याने विचारलं, नाव काय ठेवलंस? पाणी घालताना नाव घ्यावं लागतं ना. मी घाईत माझ्याच पोराचं घेतलं. वुल्फ्रिक."

"वुल्फ्रिक." हवीझने डोळे मिटले. बाहेरून येऊन राज्य करणाऱ्या नॉर्मन सरदाराच्या थोरल्या मुलाला इथल्या गुराख्याचं नाव.

"ते ऐकूनच हसला. म्हणाला, वॉरिनला हे कळेल तेव्हा मला तिथे असायचंय."

"आणि नातं? धर्मपिता झाला की नाही?"

"पाद्रीबाबा म्हणाले, पाणी तर झालंय, मीठ, तेल आणि मेणबत्ती राहिलीय, त्यासाठी कुणीतरी मूल धरावंच लागतं. त्याने नातं लागतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. बिशपसाहेबांना ठाऊक असेल, पण त्यांना राजाने कोठडीत घातलंय." गुनिल्डने नाक पुसलं. "ड्रोगो म्हणाला, मग बिशप सुटेपर्यंत अर्धं लागलं असं धरू. अर्ध्या बापाने अर्धं करावं. मुलगा ओलीस राहणारच. तेवढं केलं नाही तर माझंच डोकं जाईल, म्हणाला. पण छावणीत नाही, त्याच्या घरी, त्याच्या बायकोजवळ. आणि तुम्ही बरोबर."

"आणि वॉरिनने शब्द मोडला तर?"

"ते मी विचारलं."

"मग?"

"म्हणाला, राजाचा माणूस न्यायला आला तर मी उशीर लावीन. पाहिजे तेवढा उशीर लावीन. मला उशीर लावण्याची सवय आहे, ही गढी बघ ना."

उशीर. शपथ नव्हे, अस्थींवर हात नव्हे. एका थकलेल्या बुटक्या माणसाने दिलेला उशीर. वॉरिनच्या चारही शपथा एका बाजूला ठेवल्या तरी हे त्यांच्यापेक्षा जड वाटत होतं, आणि तरीही ते फार थोडं होतं.

खाली दरवाजाचा अडसर काढल्याचा आवाज आला. कुणी जल्लोष केला नाही. तळातले लोक चिखल तुडवत वर यायला लागले होते, आणि तटावरचे त्यांच्यासाठी बाजूला सरत होते.

"किती लांब आहे त्याचं घर?" हवीझने विचारलं.

"गाडीने तीन दिवस, म्हणतात."

"गाडीत पेंढा घालायला सांग. जास्त घाल म्हणावं. मला अजून नीट बसवत नाही." मग थोड्या वेळाने, गुनिल्डकडे न बघता, "तू येतेस का?"

गुनिल्ड उठून खिडकीपाशी गेली. तिथून देवळामागचं कुंपण दिसत होतं, तिकडे तिने एकदा पाहिलं.

"नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "माझा इथे आहे ना."

हवीझने मान हलवली. बाळाला तिने दुसऱ्या बाजूला घेतलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, मग त्याला सापडलं, आणि ते पुन्हा ओढायला लागलं.