तीन टोकांचा ट्रंक कॉल

१९५६ सालची राज्यांची नवी वाटणी होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, नागपूर मात्र मुंबई राज्यात गेलं, आणि राजधानी म्हणून आता भोपाळकडे बघायचं होतं. बाजारात याने फारसं काही अडलं नाही. अडलं ते दत्तात्रय मास्तरांच्या मराठी शाळेत. मॅट्रिकला बसणाऱ्या सदतीस पोरांचे फॉर्म कोणत्या परीक्षा कचेरीत भरायचे, हे कोणीच सांगेना.

मास्तरांनी नागपूरला पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही आता आमच्याकडे नाही, भोपाळला विचारा. भोपाळला लिहिलं तर तिकडून आलं, मराठी पेपर नागपूर काढतं, आधी त्यांची संमती घ्या. मग मास्तरांनी दोन्हीकडे वेगवेगळे ट्रंक कॉल लावले आणि पत्रांतली तीच वाक्यं दोन साहेबांच्या तोंडून पुन्हा ऐकली. पंधरा डिसेंबरला मुदत संपत होती, आणि सहा तारीख उजाडली होती.

त्या सकाळी ते टेलिफोन एक्स्चेंजच्या खिडकीशी आले.

"बाई, दोघांना एकाच वेळी एका तारेवर आणता येईल का?" त्यांनी विचारलं. "एकमेकांच्या समोर विचारलं म्हणजे कोणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही."

बोर्डावर रजनी होती. वय चोवीस, नोकरीला दोन वर्षं झालेली, एक्स्चेंजात एकटीच बाई. तीन ठिकाणं जोडायचा प्रयोग तिने एकदाच केला होता, आणि तो फसला होता. तिघांनाही नुसती घरघर ऐकू आली होती. तिने मागे वळून सुपरवायझर मधुकररावांकडे पाहिलं.

"नाही जमत ते," मधुकरराव म्हणाले. "एकाच्या जागी दोन लांबच्या लाइनी जोडल्या की आवाज अर्धा होतो. मास्तर चार दिवसांनी तक्रार घेऊन येतील."

"मी तक्रार करणार नाही," मास्तर म्हणाले.

"मला करून बघू द्या साहेब," रजनी म्हणाली. "आवाज कुठे जातो ते तरी कळेल."

मधुकररावांनी खांदे उडवले. त्यालाच होकार मानून रजनीने दुपारी तीनची वेळ लिहून घेतली. मास्तर इतवाऱ्यातल्या सुकलालशेठच्या कापडदुकानातून बोलणार होते, कारण शाळेत फोन नव्हता.

बरोबर तीनला तिने भुसावळमार्गे नागपूर मिळवलं, खंडव्यामार्गे भोपाळ मिळवलं, आणि दुकानाची लाइन दोन्हींना जोडली. कानातल्या हेडफोनमध्ये तिघे एकदम बोलू लागले. नागपूरचे देवपुजारी साहेब "हॅलो, हॅलो" करत होते, भोपाळचे निगम साहब "आवाज़ नहीं आ रही" म्हणत होते, आणि मास्तर ओरडत होते. तीन मिनिटं अशीच गेली. कोणाला काही कळलं नाही.

"झालं समाधान?" मधुकररावांनी मागून विचारलं.

दोन्ही साहेबांना रजनीने विनंती केली, लाइन तपासते, दहा मिनिटांत पुन्हा जोडते. मग तिने बोर्डावर लाइनी जोडणाऱ्या सगळ्या दोऱ्या काढल्या आणि एकेक लावून पाहिली. दुकान आणि नागपूर एवढंच जोडलं तेव्हा आवाज चालण्यासारखा होता. दुकान आणि भोपाळ जोडलं, तेही चाललं. नागपूर आणि भोपाळ, मध्ये दुकान नाही, असं जोडलं आणि तिथल्या ऑपरेटरांना बोलायला लावलं, तर दोघांचे शब्द स्वच्छ ऐकू आले. म्हणजे लांबच्या तारा चांगल्या होत्या. आवाज खाली जात होता तो गावातल्याच लाइनीवर, इथून अर्ध्या मैलावर. दोघांच्या बोलण्यात ती तूट झाकली जात होती, तिघांत मात्र सोसत नव्हती.

तिने दुकानाची लाइन एकटीच लावली आणि मास्तरांना सांगितलं, "तुम्ही जरा गप्प राहा. मला ऐकू द्या."

मास्तर गप्प झाले. दुकानात कोणीतरी थान फाडलं, त्याचा चर्र आवाज आला. आणि त्याच्याही मागे, लांब नाही तर अगदी तारेला चिकटून, पाट्यावर वरवंटा फिरल्याची घसर-घसर ऐकू आली. कापडदुकानात चटणी कोण वाटणार? सुकलालशेठचं घर दुकानाच्या वर होतं, हे रजनीला माहीत होतं. वर दुसरा फोन होता, आणि त्याचा रिसीव्हर उचललेला होता. एका तारेवर दोन रिसीव्हर उघडे, म्हणजे आवाज वाटला जाणारच.

"वर कोण आहे?" ती शांतपणे म्हणाली. "मी एक्स्चेंजातून रजनी बोलते."

घसर-घसर थांबली. मग बायकी आवाज आला. "मी भागाबाई. शेठांच्या घरची."

"मावशी, तुम्ही ऐकत होत्या का?"

"ऐकून राहिली होती," भागाबाई सरळ म्हणाल्या. "रिसीव्हर पाट्याजवळ ठेवला होता. आमची पोरगी वंदना आहे ना त्या सदतीस पोरांत. खाली पुरुषमाणसं बसलेली, मला कोण सांगणार काय ठरलं ते? चोरी थोडीच केली."

रजनीला त्यांच्यावर रागावता येईना. तिला स्वतःचं मॅट्रिक आठवलं. परीक्षेसाठी खंडव्याला जावं लागलं तर पाठवणार नाही, असं वडिलांनी बजावलं होतं, आणि सेंटर बुऱ्हाणपुरात होतं एवढ्याच बळावर ती आज या खुर्चीवर होती. या पोरींनाही नागपूरला जा नाहीतर भोपाळला जा म्हटलं, तर किती घरं पाठवतील, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"मावशी, तुमचा रिसीव्हर उघडा असला की मास्तरांचा आवाज पुढे पोचत नाही," ती म्हणाली. "आता नीट ठेवून द्या. बोलणं संपलं की मी वर घंटी देते आणि काय झालं ते पहिलं तुम्हाला सांगते."

"नक्की?"

"नक्की."

खट्ट झालं आणि लाइन एकदम भरदार झाली. रजनीने मास्तरांना दोन गोष्टी बजावल्या. ओरडायचं नाही, ओरडण्याने शब्द फाटतात. आणि तिने नाव घेतल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. हेच तिने नागपूरला मराठीत आणि भोपाळला हिंदीत सांगितलं. मोठ्या साहेबांना असं सांगतानाही आवाज तिने ढळू दिला नाही.

"दत्तात्रय मास्तर, बोला."

मास्तरांनी प्रश्न मांडला. सदतीस मुलं, मराठी माध्यम, मुदत पंधरा तारीख.

"निगम साहब, अब आप बोलिए."

निगम साहब बोलले, आणि प्रत्येक शब्द कळला. "नागपुर इस साल मराठी के पर्चे दे दे, तो फ़ॉर्म हम ले लेंगे. सेंटर भी बुरहानपुर ही रहेगा."

"देवपुजारी साहेब, तुम्ही बोला."

नागपूरकडून आलं, "हॅलो? काही ऐकू नाही येऊन राहिलं."

मास्तरांनी प्रश्न पुन्हा सांगितला. पुन्हा तेच. "हॅलो? ऐकू नाही येत." मधुकरराव आता तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "सोडून द्या रजनीबाई," ते म्हणाले.

तिने सोडलं नाही. भोपाळ आणि दुकान क्षणभर बाजूला करून ती नागपूरच्या ऑपरेटरशी बोलली. "तुमच्या बाजूने आवाज कसा आहे?"

"खणखणीत," तो म्हणाला. "मला तर भोपाळपण ऐकू आलं."

मग तिने साहेबांच्या लाइनीवर, मुद्दाम नेहमीपेक्षा खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, तीन मिनिटं झाली. कॉल बंद करू का?"

"हो, करा बंद," देवपुजारी साहेब लगेच म्हणाले.

एका टोकाला ऐकू येत नसेल तर ऑपरेटरने मधे बसून निरोप सांगावा, असा नियम होता. रजनीने तोच धरला.

"साहेब, माझं ऐकू येतंय तुम्हाला. म्हणून भोपाळचं म्हणणं मीच सांगते. तुम्ही मराठी पेपर दिलेत तर ते फॉर्म घेतील. तुमचं उत्तर काय आहे, तेही मीच सांगेन. काय सांगू?"

मधुकररावांनी कपाळाला हात लावला.

"बाई," देवपुजारी साहेब म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज थकलेला होता, "काय उत्तर देऊ मी? अर्धी कचेरी खोक्यांत बांधून ठेवली आहे. निम्मी माणसं मुंबईला गेली, काही जबलपूरची बदली मागून राहिली. पेपर काढणारे माझ्या हाताशी आहेत, पण छापायचं कोणी, हे मला वरून कोणी सांगत नाही. हो म्हटलं आणि पेपर झाले नाहीत, तर त्या पोरांचं वर्ष माझ्या माथी."

"मग हेच सांगू का त्यांना?"

"हेच?"

"हेच. तुमची अडचण छपाईची आहे, पेपर काढायची नाही."

ते नाही म्हणाले नाहीत. रजनीने दोऱ्या परत लावल्या आणि निगम साहबांना एका वाक्यात हिंदीत सांगितलं. तिकडे कागद चाळल्यासारखा आवाज झाला.

"बस इतनी-सी बात?" निगम साहब म्हणाले. "छपाई हम करवा लेंगे. वे लिखे हुए पर्चे सीलबंद भेज दें."

"पाठवतो," देवपुजारी साहेब स्वतःच म्हणाले. तिने नाव घ्यायची वाटही त्यांनी पाहिली नाही. "जानेवारीच्या आत पाठवतो. तार करतो आजच, मास्तर. लेखी असू द्या तुमच्याजवळ."

मास्तरांनी दोघांचे आभार मानले.

रजनीने दोन्ही ट्रंक लाइनी मोकळ्या केल्या आणि आधी सुकलालशेठच्या वरच्या फोनवर घंटी दिली. भागाबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"सेंटर बुऱ्हाणपूरच," रजनी म्हणाली.

"बरं झालं माय," भागाबाई म्हणाल्या, आणि लगेच कोणाला तरी हाक मारायला रिसीव्हर तसाच टाकून गेल्या.

तार दुसऱ्या दिवशी आली. तेरा तारखेला सदतीस फॉर्म भोपाळला रवाना झाले.

आठवड्याभराने रजनीच्या हातात एक मेमो पडला. ऑपरेटरने पक्षकारांच्या संभाषणात स्वतः भाग घेतला, कॉल बंद करण्याची सूचना पाळली नाही, खुलासा द्यावा. तो मेमो मधुकररावांनाच लिहावा लागला होता, कारण तीन मिनिटांचा कॉल नऊ मिनिटं चालला हे रजिस्टरात दिसत होतं. त्यांनी तो तिच्याकडे न बघता टेबलावर ठेवला.

तिने तिथेच बसून खुलासा लिहिला. एका टोकास ऐकू येत नसल्याचे कळविण्यात आल्याने नियमाप्रमाणे निरोप मध्यस्थीने पोचवला. कॉल बंद करण्याची सूचना एकाच पक्षाची होती, उरलेल्या दोघांची नव्हती. कॉल पूर्ण झाला.

मधुकररावांनी तो वाचला, शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं, आणि खाली सही केली.

"बसा बोर्डावर," ते म्हणाले. "नेपानगरचा दिवा पेटला आहे, कॉल आलाय."