ब्रेनरची तुकडी

टॅल्मन काउंटीत माणसं सहाशे, गाई पंचवीस हजार आणि भांडण एकच. तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचं. काउंटीची कचेरी तेव्हा सॅलो गावात होती. एका रविवारी सॅलोची माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली पाहून ब्रेनरच्या लोकांनी घोडागाडी नेली आणि कचेरीची सगळी दफ्तरं तिजोरीसकट उचलून आणली. कचेरी ब्रेनरची झाली आणि ब्रेनरवाले कायमचे चोर ठरले. लाज वाटायची सोडून ब्रेनरनं त्याचा सण केला. दर जुलैत मिरवणुकीत ती चोरी पुन्हा करून दाखवतात, आणि गाडी हाकायचा मान गेली तीस वर्षं एमिल क्राटकीचा.

ब्रेनरची अँब्युलन्सही एमिलच चालवायचा. मागे रोग्यापाशी त्याची बायको लवॉन बसायची. बिनपगारी काम. एके काळी तुकडीत अकरा जण होते. काही थकले, काही पोरांच्या मागे शहरात गेले, उरले हे दोघं.

दोन वर्षांपूर्वी ठराव आला, की दोन्ही गावांच्या बिनपगारी तुकड्या मोडून रात्रंदिवस गाडीपाशी बसणारी एकच पगारी तुकडी करावी. फक्त ती सॅलोला राहील. लवॉन तणतणत दारोदार फिरली. "आमच्या आजोबांनी तिजोरी आणली ती काय याचसाठी? आपली गाडी त्या लोकांच्या अंगणात उभी करायला?"

ठराव एकोणीस मतांनी पडला. त्या संध्याकाळी एमिल जेवताना म्हणाला, "आपल्या दोघांतलंच कोणी आडवं झालं तर गं?"

"तू होऊ नकोस, म्हणजे झालं."

यंदाची मक्याची कापणी चालू होती. सगळं गाव शेतावर होतं. दुपारी बाराचा भोंगा वाजला, एमिलनं पावाचा तुकडा खाली ठेवला, "हात जड झालाय गं," म्हणाला आणि खुर्चीवरून घसरला. लवॉननं नाडी पाहिली. नव्हती. फोन लावून तिनं तो जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली.

"मार्लिस, एमिल पडलाय. नाडी नाही."

"लगेच पाठवते, लवॉन." मार्लिस कचेरीत बसून दोन्ही गावांचे फोन घ्यायची.

दुसऱ्याच क्षणी लवॉनच्या कमरेचा पेजर किंचाळला. पाठोपाठ एमिलच्या पट्ट्यावरचा. दोन्हींतून मार्लिसचाच आवाज आला, "ब्रेनरची तुकडी, निघा. क्राटकींचं घर. पुरुष, वय एकाहत्तर."

लवॉन छाती दाबतच फोनवर ओरडली.

"कोणाला बोलावतेस, मार्लिस? तुकडी इथंच आहे."

मार्लिसनं पेजरवरची हाक थांबवली. मग, "सॅलोला सांगू?"

"सांग."

अँब्युलन्स तीनशे पावलांवर, शेडमध्ये उभी होती. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. पण आणायला जायचं तर छातीवरचे हात काढायला हवेत. आणली तरी त्याला आत एकटीनं कसं उचलणार, आणि चालवायची कोणी? समोरच्या ब्यूला आजी वॉकर टेकत दारापर्यंत आल्या, आत पाहिलं आणि तिथंच रडत उभ्या राहिल्या. शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी आणखी काय करायचं? मनगटं भरून आली तरी लवॉन दाबत राहिली. चाळीस वर्षांत तिनं कितीतरी घरांतल्या जमिनीवर हे केलं होतं. किती वेळानंतर याचा उपयोग होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं घड्याळाकडे मान वळवली नाही.

सॅलोचा हार्लन व्हॉस धापा टाकत आत आला. त्यानं गुडघे टेकले, तिचे हात हळूच बाजूला केले आणि आपले ठेवले. बराच वेळ दाबून तो थांबला. त्याच्यासोबतच्या बाईनं टोपी काढली.

"सव्वीस मिनिटं लागली," हार्लन खालमानेनं म्हणाला. "कापणीवरून गाडीपाशी पोचायलाच चौदा गेली. याहून जोरात नाही आणता आली गाडी."

लवॉननं एमिलच्या पट्ट्याचा पेजर काढून बंद केला.

"तुझा काय दोष, हार्लन," ती म्हणाली. "दारोदार मीच फिरले होते."