भिंतीला टेकवलेला पत्रा

मी पत्रा बोलतोय. कॉम्प्युटरच्या खोक्याला बाजूने दोन स्क्रूंनी बसवतात ना, तोच मी. लोक मला झाकण म्हणतात. म्हणोत बापडे! मी कशासाठी आहे हेच ज्यांना कळलं नाही, त्यांच्याकडून चांगल्या नावाची काय अपेक्षा करायची?

कारखान्यात मोठ्या यंत्राने मला दाबून सपाट केलं, कडा वळवल्या, वर काळा रंग दिला. माझं काम साधं होतं. खोक्याच्या पुढच्या पंख्याने जाळीतून गार हवा आत ओढायची, ती प्रोसेसरवरून जायची आणि तापून मागच्या पंख्यातून बाहेर पडायची. मी जागेवर असलो तरच हवा या वाटेने जाते. मी नसलो की ती कुठूनही शिरते आणि कुठेही भटकते. आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण साधी गोष्ट माणसाला एका फटक्यात पटेल तर शपथ.

मला ज्याने विकत आणलं, त्याला घरात सगळे ‘डायरेक्टर’ म्हणायचे. थोडं कौतुकाने, बरंचसं चिडवायला. लोकांनी काढलेली शूटिंगं कापायची, जोडायची आणि त्यांची फिल्म करून द्यायची, हा त्याचा धंदा. खोली एकच. खिडकीजवळ त्याचं टेबल, दाराजवळ आईचं शिवणयंत्र. आई फर्निचरच्या दुकानांसाठी उशा शिवायची आणि त्यात कापूस भरायची. दिवसभर खोलीत कापूस उडायचा. डायरेक्टरच्या भुवयांवरसुद्धा बसायचा, पण त्याचं लक्ष असेल तर ना!

त्याने खोकं ठेवलं कुठे? कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला घट्ट चिकटवून. म्हणजे गरम हवेने बाहेर पडायचं ते भिंतीच्या तोंडावर. वर आईच्या अभ्र्यांची चळत. पुढच्या जाळीवर कापसाचा थर. वा रे अक्कल! वाढदिवसांच्या छोट्या फिल्म होत्या तोवर प्रोसेसरने निभावून नेलं.

मग एक नृत्यशिक्षिका आल्या. त्यांच्या वर्गाचा अख्खा कार्यक्रम तीन कॅमेऱ्यांनी शूट केलेला. रविवारी सभागृहात पालकांना मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. डायरेक्टरने मन लावून सगळे तुकडे जुळवले, हे मी मान्य करतो. पण नंतर त्या सगळ्याची एकसंध फिल्म काढायची असते, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात, आणि तेव्हा प्रोसेसरचा घाम निघतो. फिल्म निम्म्याच्या पुढे गेली आणि कॉम्प्युटर फट्कन बंद. पुन्हा लावली. पुन्हा बंद. एक्स्पोर्ट चालू असताना हे महाराज पडद्यावरच्याच शेजारच्या खिडकीत गाणी लावून बसलेले. दुसऱ्या खिडकीत मित्राशी गप्पा. बिचाऱ्या प्रोसेसरने करायचं तरी काय काय?

त्याच मित्राने फोनवर सल्ला दिला, “अरे, झाकण काढून टाक. मोकळी हवा लागू दे त्याला.”

झालं! माझे स्क्रू सुटले आणि मला समोरच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आलं. पहिले एक-दोन दिवस फरक पडला, त्यामुळे दोघेही स्वतःवर जाम खूश. पुढे टेबलफॅन आला. तो थेट उघड्या खोक्यात वारा मारायचा, आणि वाऱ्याबरोबर आईचा कापूस. मी ओरडत होतो, “अरे गाढवा, कापूस आत चाललाय!” पत्र्याचं कोण ऐकतो? दोन दिवसांत पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. मग स्टीलच्या वाटीत बर्फ आला. तो वितळून टेबलावर सांडला. मग ओला टॉवेल. विजेच्या वस्तूवर ओला टॉवेल! माझ्या अंगावर काटा आला.

आईने पडद्यावरचा तापमानाचा आकडा पाहून विचारलं, “ताप उतरत नाही का रे त्याचा?”

“नाही गं.”

“मग जरा विश्रांती दे ना त्याला.”

“आई, रविवार आलाय तोंडावर!”

आणि माझं काय चाललं होतं? माझ्यावर कधी जेवणाची ताटं, कधी कापायचं कापड. एकदा आईने मला आडवं घालून माझ्यावर कापसाचा ढीग ओतला. हवेला वाट दाखवायला जन्मलेल्या माझ्यावर उशा भरल्या जात होत्या. कपाळ माझं!

शनिवारी सकाळी भाऊजी आले. डायरेक्टरच्या ताईचे यजमान. त्यांचं फरशांचं दुकान आहे, आणि आवाजही दुकानात बोलल्यासारखाच.

“काय डायरेक्टर, शिजली का फिल्म?”

डायरेक्टर खाली बघत म्हणाला, “भाऊजी, तुम्ही म्हणत होतात ना दुकानात ये म्हणून. आज संध्याकाळपर्यंत ही निघाली नाही, तर सोमवारपासून येतो. हे सगळं विकून टाकतो.”

शिवणयंत्र थांबलं. आई हातातला अभ्रा नुसता दुमडत राहिली. खरं सांगू? मला वाईट वाटलं. मूर्ख असला तरी कामात जीव ओतत होता पोरगा.

भाऊजी एरवी कुचेष्टेशिवाय बोलत नाहीत, पण त्या वेळी टेबलफॅन बाजूला करून त्यांनी खोक्यात डोकावलं. “अरे, हे काय? आत उशी भरलीय का?”

डायरेक्टर वाकला. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये कापूस ठासून बसला होता. हवा जायला फट म्हणून नव्हती.

“माझ्या फरशी कापायच्या मशीनमध्ये पूड भरली की तेही असंच बंद पडतं,” भाऊजी म्हणाले. “बर्फ कसले ठेवतोस? ब्रश आण!”

वायर काढली. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने कापूस काढला. पट्ट्या सोडवल्या, तर खालची पेस्ट वाळून खडखडीत झालेली. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवते ती हीच. डायरेक्टर पळत जाऊन नवी घेऊन आला. पुढची जाळी धुऊन वाळवली, खोकं भिंतीपासून पुढे ओढलं. ब्रशने निघालेला कापसाचा गोळा आईने हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे हे माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “उद्यापासून मी उशांचं काम नाही घेत.”

“काहीतरीच काय आई!” डायरेक्टर जवळजवळ ओरडलाच. “तुझ्या उशांच्या पैशांवरच तर हा कॉम्प्युटर आलाय.”

मग त्याने खोलीभर पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. माझ्यावर तेव्हा भाऊजींचा चहाचा कप होता. त्याने कप उचलला, मला आपल्याच शर्टाने पुसलं आणि जागेवर बसवलं.

“अरे, पण हवा?” भाऊजी म्हणाले.

“उघडं ठेवलं म्हणून तर कापूस गेला, भाऊजी. आता हा लावलेलाच राहील. आई, तू तुझं काम कर.”

दोन्ही स्क्रू आवळले गेले. पोराने गाणी बंद केली, गप्पा बंद केल्या, फक्त एक्स्पोर्ट चालू ठेवला. आत हवा आपल्या वाटेने वाहू लागली, प्रोसेसर गरम झाला पण बंद पडण्याइतका तापला नाही. दुपार कलताना डायरेक्टर ओरडला, “निघाली!” आईने नाक ओढल्याचं मी ऐकलं. भाऊजी म्हणाले, “चला, माझा नोकर गेला.” पण ते हसत होते.

ऐकलं म्हणतो, कारण तेव्हापासून मला दिसत काहीच नाही. माझं तोंड कपाटाकडे आहे. नृत्यशिक्षिका पुन्हा आल्या होत्या, काहीतरी दाखवून सगळे टाळ्या पिटत होते. काय होतं कोण जाणे. आईच्या यंत्राचा आवाज येतो, पण कुठल्या रंगाचा अभ्रा चाललाय ते कळत नाही. डायरेक्टर अजून भुवयांवर कापूस घेऊन बसतो का, तेही ठाऊक नाही. मला नाक मुरडायला समोर कुणी उरलेलं नाही.

तर विनंती एवढीच. महिन्या-दोन महिन्यांनी माझे दोन स्क्रू सोडवा आणि आतली धूळ झटका. घाई करू नका, पट्ट्या-पट्ट्यांतून ब्रश फिरवा. आणि तेवढा वेळ मला त्याच भिंतीला टेकवून ठेवा, खोलीकडे तोंड करून.