ओली गाठ

गौतमी शनिवारी सकाळी सव्वादहाला चिडली आणि रविवारी दुपारी घरी परतेपर्यंत चिडलेलीच होती. मधल्या काळात ती तीन वेळा जेवली, एकदा झोपली आणि एका माणसाला पाण्यातून ओढत काठावर घेऊन आली. पण ही सगळी कामं तिने चिडलेल्या अवस्थेतच उरकली.

शिबिर मुळशीला, धरणाच्या काठी होतं. दोन दिवस, एक मुक्काम, कयाक ही चिंचोळी होडी वल्हवणं, तंबूत राहणं आणि नेतृत्वगुण. नांद्याच्या त्यांच्या सोसायटीतली, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली नऊ मुलं मिनीबसने आली होती. नेतृत्वगुण शिकवणारा निषाद पूर्वी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या एचआर खात्यात होता. तिथे तो लोकांना कामावरून काढायचा, आणि इतक्या गोडीने काढायचा की काढलेला माणूस जाताना त्याचे आभार मानायचा. शिबिरात त्याला 'सर' म्हणायचं नाही, 'निषाददादा' म्हणायचं, हा पहिला नियम.

दुसरा नियम काठावर कळला.

"पोहण्याचं सर्टिफिकेट असलेले उजवीकडे," निषाद म्हणाला, "नसलेले डावीकडे."

आठ जण उजवीकडे गेले. डावीकडे गौतमी एकटीच उरली.

"तुला पोहता येत नाही?"

"येतं."

"मग सर्टिफिकेट?"

"विहिरीत शिकले. आजोबांनी शिकवलं."

"अच्छा. पण विहीर सर्टिफिकेट देत नाही ना?"

मुलं हसली. सगळ्यात मोठ्याने स्नेहल हसली. ती बी विंगमध्ये गौतमीच्या वरच्याच मजल्यावर राहायची.

आता त्या विहिरीचं असं होतं, की ती गौतमीच्या आजोबांची, हैबतरावांची होती. पन्नास फूट खोल. गौतमी सहा वर्षांची असताना पाठीला सुका भोपळा बांधून हैबतरावांनी तिला त्यात सोडलं होतं. पुढे जमीन बिल्डरला गेली, विहीर बुजवली, तिच्यावर बी विंगचं पार्किंग आलं, आणि पार्किंगच्या पलीकडे चाळीस फुटांवर स्विमिंग पूल आला. त्याची खोल बाजू साडेचार फूट. निषादला हवं होतं ते सर्टिफिकेट या स्विमिंग पूलचं होतं.

"सेफ्टी फर्स्ट," निषाद म्हणाला, आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने त्याने गौतमीची कयाक आपल्या कयाकच्या मागे बांधून टाकली.

गौतमी दोरीकडे बघत राहिली. राग आला की तिची भाषा सोसायटीतून निघून गावात जायची.

"दादा, ही निरगाठ हाय."

"तर?"

"पाण्यात निरगाठ मारत न्हाईत. ओली झाली की आवळती, मग दातानंबी सुटत न्हाई. सुरगाठ मारा. शेपूट ओढलं की एका झटक्यात सुटती. आमचं आबा भोपळ्यालासुदिक सुरगाठच मारायचं."

"गौतमी, मी तुला ऐकतोय," निषाद म्हणाला. ऐकायचं संपलं की तो हे वाक्य म्हणायचा. "ही गाठ मी तीन वर्षं मारतोय."

"तीन वर्षांत एकदातरी उलटलाय का?"

"नाही."

"मग तुमाला काय म्हाईत?"

"फीडबॅक संध्याकाळी सर्कलमध्ये द्यायचा असतो," निषाद म्हणाला आणि त्याने हेल्मेट घातलं.

मे महिना होता. पाणी खूप खाली गेलेलं, काठाला तांबड्या गाळाचा रुंद पट्टा. त्या पट्ट्यावरून बायजा चुलीसाठी लाकडं घेऊन चालली होती. ती वरच्या धनगरवाड्यातली, शिबिराचा स्वयंपाक करायची. तिची शेरडं-मेंढरं तिच्या मागे-पुढे असायचीच. तिने थांबून दोरीकडे बघितलं.

"काय गं, बांधलीया व्हय तुला? चावतीस का काय?"

 गौतमीला तेव्हा खरोखरच चावावंसं वाटत होतं.

दिवसभर ती निषादच्या मागून गाडीला बांधलेल्या रेडकासारखी फिरली. सर्टिफिकेटवाली आठ जणं आजूबाजूला गोल गोल फिरत होती, कारण त्यांना सरळ जाता येत नव्हतं. स्नेहल तर बराच वेळ उलटीच चालली होती.

"ए गौतमी, हॉर्न वाजव की!" ती उलटी जाता जाता ओरडली.

गौतमीने वल्हं उचलून दोन जोरकस हात मारले. तिची कयाक पुढच्या कयाकला धडकली.

"वल्हवू नकोस, मला धक्के बसतात," निषाद मागे न बघता म्हणाला. "तू फक्त अनुभव घे."

गौतमीने जेवणाच्या सुट्टीपर्यंत अनुभव घेतला आणि जेवणानंतर पुन्हा घेतला.

अडीचच्या सुमाराला ताम्हिणी घाटाकडून वारा सुटला. त्या दिवसांत तो रोजच सुटतो. निषादने शिट्टी वाजवून सगळ्यांना काठाकडे पिटाळलं, आणि हे त्याने चांगलं केलं. मग स्नेहलने हाक मारली. फोन सगळ्यांचे पेटीत जमा होते. फोटोंचं काम तिच्याकडे म्हणून तिच्याजवळ तेवढा होता.

"निषाददादा, वल्हं वर करून एक मस्त फोटो!"

कयाकमध्ये उभं राहायचं नाही, हा शिबिराचा चौथा नियम होता. निषाद उभा राहिला. त्याने वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि छाती पुढे काढली. लाट कुशीवर आली. पुढच्या क्षणाला तिथे कयाकचा पालथा पिवळा बुडखा होता, आणि जरा अंतरावर लाईफ जॅकेटमधून निषादचं तोंड वर येऊन खोकत होतं.

दोरी ताणली गेली. गौतमीची कयाक आडवी फिरली, कलली, मांडीपर्यंत पाणी आत आलं. ती पुढे सरकून गाठीपर्यंत पोचली. गाठ सकाळपासून ओली होती आणि आता तिचा खडा झाला होता. गौतमीने नखं लावली. मग दात लावले. मग सहा वर्षांची असल्यापासून जे जे ऐकलं होतं त्यातलं न छापण्यासारखं ते सगळं म्हटलं, आणि वल्हं उचललं.

काठ दोनशे मीटरवर. मागे पाण्याने भरलेली पालथी कयाक, तिला लटकलेला निषाद, आणि कानशिलावर वारा. पाऊण तास लागला. तळहातांची कातडी पहिल्या पंधरा मिनिटांतच गेली.

"श्वास घे, गौतमी," मागून आवाज यायचा. "छान चाललंय. श्वासावर लक्ष ठेव."

"गप ऱ्हावा आन पाय हालवा!"

निषादने पाय हलवले. त्याच्या एचआरच्या कारकिर्दीत त्याने इतक्या तातडीने कुणाचं ऐकलं नसेल.

काठाला लागल्यावर तो गुडघाभर गाळात उभा राहिला. एका पायात बूट, दुसरा धरणात. मुलं धावत आली आणि गोल करून उभी राहिली. निषादने त्यांच्याकडे पाहिलं, तोंडावरचं पाणी निपटलं आणि हसला.

"तर मित्रांनो, हे काय होतं?"

मुलं पालथ्या कयाककडे बघू लागली.

"हा होता ट्रस्ट एक्सरसाइज! गौतमीचा आत्मविश्वास जरा कमी पडत होता. म्हणून मी मुद्दाम बोट उलटी केली. जबाबदारी अंगावर आली की माणूस उभा राहतो. गौतमीसाठी जोरदार टाळ्या!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं टाळ्या वाजवतातच. गौतमी तळहात वर करून उभी होती, कारण ते खाली सोडले की ठणकत होते. तिला रडायला येत होतं आणि हा माणूस त्या रडण्यालाही काहीतरी नाव देईल, या भीतीने ती रडली नाही. बायजा विळा घेऊन आली आणि तिने ती गाठ कापली. सोडवून बघायचा प्रयत्नसुद्धा तिने केला नाही.

संध्याकाळी सगळे गोल बसले आणि सर्कल झालं. गौतमीने एकच गोष्ट मागितली.

"गाठ चुकली होती असं म्हणा. बाकी काय नको."

"मी तुझा राग ऐकतोय," निषाद म्हणाला. "डोळे मीट आणि सांग, या रागाचा रंग कोणता आहे?"

"निळा. नायलॉनचा."

निषादने वहीत काहीतरी लिहिलं आणि उद्याचा कार्यक्रम सांगायला घेतला. साडेदहाला पुढची बॅच. सहावीची बारा मुलं, दोघा-दोघांच्या सहा होड्या. बहुतेकांकडे सर्टिफिकेट नाही, तेव्हा सहाही होड्या एकीमागे एक बांधून साखळी करायची.

"ह्याच गाठीनं?" गौतमीने विचारलं.

"हीच. आज सिस्टीम सिद्ध झाली ना?"

गौतमीच्या डोळ्यांसमोर सहा होड्यांची ती माळ आली. एक उलटली की तिच्या मागची आडवी होणार, मग तिच्या मागची; आणि अकरा वर्षांची पोरं पाण्यात बसून खडा झालेल्या गाठीला दात लावणार. तिने हे सगळं मोठ्याने सांगितलं. निषाद म्हणाला, की निगेटिव्ह विचार हा नेतृत्वाचा शत्रू असतो.

तिने स्नेहलचा फोन मागून वडिलांना लावला. अमोलरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळा, हात जास्त लागलेत का?"

"हाताचं सोडा. उद्या बारकी पोरं येणारेत, तुमी त्याला फोन करा."

"करतो, करतो... पण आत्ता नको. उगाच सोसायटीत विषय होतो. तू जरा शांत राहा."

ती शांत राहिली. रविवारी सकाळी नऊपर्यंत.

रविवारी नऊ ते साडेनऊ आत्मचिंतन होतं. मुलांनी एकेका झाडाखाली गप्प बसायचं. निषादचं आत्मचिंतन तंबूत, आडवं होऊन. पाच मिनिटांत ते घोरू लागलं. गौतमी करवंदीच्या जाळीमागून उठली, बायजाने कापलेला दोरीचा तुकडा तिने घेतला, तंबूच्या दाराच्या दोन्ही चेनी एकमेकींजवळ आणल्या आणि त्यांच्या कड्या बांधल्या. गाठ अगदी निषादची. तेच दोन वेढे, तोच पीळ.

बायजा पाण्याची बादली घेऊन चालली होती.

"काय करतीस गं?"

"निषाददादांची गाठ मारतीय."

बायजाने क्षणभर विचार केला, ओंजळभर पाणी घेतलं आणि गाठीवर ओतलं. "आवळू दे जरा," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

बस वेळेच्या आधीच आली. मागून चार-पाच मोटारी; पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या पोरांचे आईबाप होते. मुलांनी उतरल्या उतरल्या लाईफ जॅकेटं चढवली. काठावर सहा होड्यांची माळ शनिवारी संध्याकाळपासून तयारच होती.

हॉर्नने निषाद जागा झाला. चेन सरकेना. तंबू हलू लागला.

"अरे, बाहेरून कुणीतरी चेन काढा!"

"गाठ हाय," गौतमी म्हणाली. "ओली हाय."

"गौतमी? हे काय चाललंय?"

"ट्रस्ट एक्सरसाइज."

"हे बघ, हे अजिबात योग्य नाही. आधी सोड, मग आपण बोलू."

"मी तुमाला ऐकतीय, दादा."

गर्दी जमली. एका वडिलांनी बाह्या सरसावल्या, नखं लावली, मग गाडीची किल्ली लावली, किल्ली वाकवली. दुसऱ्यांनी वाकून दात लावले आणि दाढ धरून बाजूला झाले.

"कसली गाठ आहे ही? मारलीय कुणी?"

ऊन चढलं होतं. बंद तंबूत मे महिन्यात जे होतं ते निषादचं झालं. त्याचा तो गोड आवाज आधी पातळ झाला आणि मग फाटला.

"अहो, ती ओली झाली की सुटत नाही! ओढू नका, आणखी आवळते! कापायला आणा काहीतरी!"

एका आईने आपल्या मुलीचं जॅकेट बांधता बांधता हात थांबवले. तिने तंबूच्या दाराकडे पाहिलं, मग काठावरच्या होड्यांकडे. चालत जाऊन तिने पहिली दोरी हातात घेतली, परत आली आणि दाराशी वाकली.

"अहो, होड्यांनाही हीच गाठ आहे ना?"

तंबू हलायचा थांबला.

"ती... ती वेगळी आहे. ती प्रोफेशनल आहे."

"तीच आहे, काकू." ही स्नेहल. तिने फोन पुढे केला. फोटोत निषाद पडत होता; तोंड उघडं, डोळे पांढरे, वल्हं हवेत. "काल पाऊण तास सुटली नव्हती. हिने ओढून आणलं त्यांना. हिचे हात बघा."

गौतमीने हात दाखवले नाहीत. बाईंनी स्वतःच पुढे होऊन ते उलटे केले, पाहिले, आणि मुलीचं जॅकेट सोडायला सुरुवात केली. ते बघून बाकीच्या आयाही सोडू लागल्या.

बायजाने विळा आणला. ती चालत आली, आणि सावकाश आली.

निषाद बाहेर पडला तेव्हा शनिवारी धरणातून निघाला होता त्याहून जास्त ओला होता. त्याने समोरच्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि सवयीने तोंड उघडलं.

"तर मित्रांनो, हे काय—"

टाळी वाजली नाही. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"गाठ चुकली होती," निषाद पायाकडे बघत म्हणाला.

"मोठ्यानं," गौतमी म्हणाली. "मागं ऐकू येत न्हाई."

"गाठ चुकली होती! माझी!"

गौतमीला वाटलं होतं की हे ऐकल्यावर राग उतरेल. तो उतरला नाही. उलट इतकं सोपं वाक्य काढायला एक पालथी कयाक, दोन तळहात आणि एक तंबू लागला, याचा नवा राग आला. ती तशीच काठाकडे चालू लागली. निषाद मागून गेला, कारण बाईंनी त्याला हाताने तशी खूण केली होती.

बायजाने सहाच्या सहा गाठी कापल्या. निषाद गाळात बसला आणि गौतमीने सांगितल्याप्रमाणे त्याने पहिल्या होडीला सुरगाठ मारली. गौतमीने धरणाचं तांब्याभर पाणी गाठीवर ओतलं आणि शेपूट ओढलं. अडकली.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा अडकली. तिसऱ्यांदाही. मुलं रांगेत उभी राहून बघत होती आणि त्यांतली दोघं आपापल्या बुटांच्या नाड्यांवर सराव करत होती. त्यांना निषादच्या आधी जमली. चौथ्या वेळी तांब्याभर पाणी ओतूनही गाठ एका झटक्यात सुटली.

"आता झाक झाली की गं," बायजा म्हणाली. "सोड त्याला आता. घामानं भिजलाय बिचारा."

गौतमीने दोरी निषादच्या हातात दिली आणि दुसऱ्या होडीकडे बोट केलं.

"पुन्हा."