लेकानं आणलेलं औषध

दुर्गाबाईंनी खोकल्याच्या औषधाचं जुनं टोपण खिडकीच्या उजेडात धरलं, डोळे बारीक करून रेघेपर्यंत भरलं आणि म्हणाल्या, "आ कर."

खालच्या मजल्यावरच्या आशाबाईनं लहान पोरीसारखा आ केला. घोट उतरताना तिचा चेहरा पार वेडावाकडा झाला, डोळ्यांना पाणी आलं, पण बाईनं हूं की चूं केलं नाही.

"लय जालिम हाय मावशी," ती चोंदलेल्या नाकानं म्हणाली. "पन छाती मोकळी झाल्यावानी वाटते."

"वाटनच ना. परदेशातलं हाय. नागसेननं आनलं."

नागसेन दारातच उभा होता. अकोल्याच्या गाडीतून उतरून तडक घरी आलेला, खांद्यावर अजून बॅग तशीच. आईच्या डाव्या हातातली ती बुटकी हिरवी बाटली त्यानं पाहिली. बुचावरचं लाखेचं सील सुरीनं खरवडून काढलेलं होतं. बाटलीतलं बरंच संपलं होतं.

ती बाटली साधीसुधी नव्हती. स्ट्रॅथ ऑरेन नावाची स्कॉटलंडमधली व्हिस्कीची भट्टी चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडली. तिचा माल आता जगात कुठे कुठे, कुणाकुणाच्या कपाटात उरलेला. नागसेन, गजेंद्र आणि आणखी दोघे, या चौघा मित्रांनी तिचं नाव वर्षानुवर्षं नुसतं जपलं होतं. ज्यांनी चाखली त्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि एकमेकांना ऐकवायचं. आधी धूर, मग मीठ, आणि शेवटी वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा वास, हे नागसेनला तोंडपाठ होतं. थेंब मात्र कुणाच्याच जिभेला लागला नव्हता. शेवटी गजेंद्रच्या साळ्यानं कुठून तरी एक पैदा केली. आज संध्याकाळी गजेंद्रच्या शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत ती उघडायची ठरलं होतं.

तोवर ठेवायची कुठे, हा प्रश्न आला तेव्हा तिघांनी एकमतानं नागसेनकडे बोट दाखवलं. "आमच्याइथं ठेवणं म्हंजे मांजराले दुधाची राखन," गजेंद्र हसला होता. "तुह्या घरी दारूचा थेंब नाई शिरत. दुर्गामावशीच्या नजरेखाली ठेव, बँकेच्या लॉकरले मागं टाकते ते घर."

ते खोटं नव्हतं. हिवरखेडला दुर्गाबाईंचा बाप दारूपायी गेला होता. दर्यापूरच्या जानरावांशी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एकच विचारून घेतलं होतं, पोरगा पितो का? जानराव आयुष्यभर प्याले नाहीत. ते गेल्यावर त्या अमरावतीला लेकाच्या फ्लॅटमध्ये आल्या, आणि रोज संध्याकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणू लागल्या. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील त्या जरा जोरातच म्हणत. बाजूला हात जोडून बसलेला नागसेनही म्हणे. बाहेर पिऊन आला असला की तोंडात वेलदोडा ठेवून म्हणे.

बाटली कपाटात ठेवताना आईनं विचारलं होतं, "काय हाय थे?" चोराच्या मनात चांदणं. तो पटकन बोलून गेला, "औषध हाय. परदेशातलं. छातीचं." आणि सोमवारी अकोल्याला, आपल्या ऑफिसला, निघून गेला. बायको प्रियदर्शनी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला. घरात म्हातारी एकटी, आणि हवा पालटलेली.

आशाबाई पदरानं तोंड पुसत खाली गेली, तसा नागसेन खवळला.

"कोनं सांगतलं होतं तुले थे उघडाले?"

दुर्गाबाई दचकल्या. लेकाचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"खोकला सुटला होता बाबू. सारी रात उसंत नाई. मंग याद आली, तू छातीचं म्हनलं होतं."

"फोन तं कराचा!"

"तुले कामात कायले तरास देऊ?" त्यांनी बूच घाईघाईनं बसवलं, बाटली पदरानं पुसली आणि टेबलावर अलगद ठेवली. "महागाचं हाय का रे लय? आशालेबी खोकला होता, म्हून तिलेबी देल्लं. मी तं झोपताना दोनच टोपनं घेतली रोज."

नागसेनचं लक्ष बाटलीतच होतं. चौघांत वाटून घ्यायला किती उरली, गजेंद्रला तोंड कसं दाखवायचं, हाच हिशेब डोक्यात चालला होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गजेंद्रच.

"निंगाला का इंजिनेरसाहेब? झाडाखाली खुर्च्या मांडून बसलो आमी. लवकर ये बाप्पा, जीव टांगनीले लागला."

"येतो," नागसेन म्हणाला आणि फोन ठेवला. मग आईचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. झोपताना दोन टोपणं, रोज.

तो खुर्चीत बसला. जिनं अख्ख्या जन्मात कफाच्या औषधाच्या बाटल्यासुद्धा 'यात दारू नाई ना?' असं दुकानदाराला दहादा विचारून घेतल्या, तिला आपण दारू पाजली. मेणबत्ती विझवून, पाचवं शील म्हणून ती उठली असेल आणि मग टोपण भरलं असेल. आणि आपण इथं उभे राहून बाटलीसाठी ओरडतोय. त्याला लाज वाटली. ती वाटायला इतका वेळ लागला, याची त्याहून जास्त वाटली. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

"माय," तो खाली मान घालून म्हणाला, "तुले वास नाई आला?"

"आला ना." दुर्गाबाई समोर बसल्या. "माह्या बापाच्या तोंडाले अस्साच वास येत जाये. पयल्या दिवशी तं हातच थांबला माहा."

"मंग?"

"मंग काय? तू औषध म्हनलं होतं. लेकाचं आयकू का नाकाचं?"

इथं गप्प बसता आलं असतं. औषधात अल्कोहोल असतंच, डॉक्टरही देतात, असं काही तरी सांगता आलं असतं आणि म्हातारीनं ते ऐकलंही असतं. तेच त्याला सहन होईना.

"औषध नाई थे. दारू हाय." तो म्हणाला. "आनखी कोनाची नाई. माही हाय. मी घेतो, माय. लय वर्सं झाले."

केव्हापासून, कुणासोबत, काहून, यातलं काहीच दुर्गाबाईंनी विचारलं नाही. हातातलं टोपण त्यांनी मोरीत नेऊन धुतलं, पुन्हा धुतलं, आणि केराच्या डब्यात टाकलं. चूळ भरली. मग भिंतीला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या.

"आशाले पाजली मी," त्या म्हणाल्या. "तिचा नवरा देवानंद याच्यानंच गेला. आन मी तिच्या तोंडात माह्या हातानं ओतली."

"मी सांगतो तिले. मी जातो खाली."

"तू नोको येऊ."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. नागसेन क्षणभर बसून राहिला, मग मागोमाग निघाला. जिन्याच्या वळणावर पोचला तोवर खालचं दार उघडलं होतं. आशाबाईचा हुंदका वरपर्यंत आला. दारूनं आपलं घर बसलं आणि आता आपणच ती गिळली, असं काहीसं ती बोलत होती. दुर्गाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"पन मावशी," आशाबाईनं डोळे पुसत विचारलं, "तुमच्या घरात थे आली कशी? नागसेनभाऊनं..."

"त्याची काय चूक?" दुर्गाबाई म्हणाल्या. "कोन्या सायबाची हाय, दोन दिस ठेवाले देल्ली होती. त्यानं मले बजावून सांगतलं होतं, माय, दारू हाय, हात लावू नोको. म्याच इसरली. म्हातारपन वाईट असते बाई."

"म्हनूनच म्हनलं. नागसेनभाऊ तसे नाईत."

"नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "थो नाई घेत."

वळणावर उभ्या नागसेनला खालीही उतरता येईना, वरही जाता येईना.